पाठीमागची मूठ

बुधवार, १२ मार्च

प्रिय धाकटे,

काल, मंगळवारी, ११ मार्चला संध्याकाळी सहा वाजून बावीस मिनिटांनी तू माझ्या लेकीच्या बाबतीत जे केलंस, त्याबद्दल हे पत्र आहे. तक्रार लेखी करावी, वर तारीख-वेळ घालावी, हे आपल्या शाळेतल्या सिस्टरांनी शिकवलं. त्या तासाला तू मागच्या बाकावर झोपा काढायचीस, म्हणून आठवण करून दिली.

मी बरी आहे. गुडघा नेहमीसारखाच. जिना उतरवत नाही, म्हणून व्हॉलीबॉलची सेमीफायनल टीव्हीवर पाहिली.

तुझी टीम जिंकली, अभिनंदन. कोच म्हणून तुझा फोटो आज पहिल्या पानावर आहे. केस विंचरायला हवे होतेस.

आता मुद्दा. चौथ्या सेटमध्ये ब्लॉक करून उतरताना पोरीचा गुडघा आत वळला. ती लंगडली नाही, उलट हसली. पण पुढच्या सर्व्हिसआधी तिने डावा हात पाठीमागे नेला आणि मूठ वळली. तुमच्या सेटरला त्या खुणेचा अर्थ माहीत नाही. तो आपल्या तिघींनाच माहीत आहे. मी स्मॅश मारायची आणि तू चेंडू उचलून द्यायचीस, तेव्हा आपण ती ठरवली होती: मला देऊ नकोस, पाय गेलाय. पोरगी लहानपणी जेवताना आणखी वाढू नये म्हणून तीच मूठ करायची आणि तू म्हणायचीस, "ताई, ही तुझ्याहून शहाणी निघाली."

ती मूठ तुझ्यासाठी होती. कॅमेरा तुझ्यावर होता. तू पाहिलीस, मान खाली घातलीस आणि सेटरला ओरडून सांगितलंस, "तिलाच दे."

ती शेवटपर्यंत मारत राहिली.

नंतर मी तिला फोन केला. "आई, मावशीला काही बोलू नकोस. शनिवारी फायनल आहे, मला खेळायचंय."

"मग मूठ कशाला केलीस?"

ती म्हणाली, "तुला दिसली?" आणि फोन ठेवला. तेव्हापासून उचलत नाही.

तू म्हणशील, ती स्वतःच तयार आहे. मीही होते. आपल्या फायनलच्या शेवटच्या पॉइंटला तू माझ्या मागेच उभी होतीस. चेंडू माझ्याकडेच आला, इतका सुंदर उचललेला की न मारणं शक्यच नव्हतं. आपण चॅम्पियन झालो आणि मी पुन्हा कोर्टवर उतरले नाही. दवाखान्यात तू विचारलंस, "ताई, मूठ केली होतीस का?" मी नाही म्हटलं. तुझं सगळं खेळायचं राहिलं होतं.

केली होती. तुलाही ठाऊक आहे.

त्यावर मला काही ऐकायचं नाही. मला शुक्रवारी दुपारी बाराच्या आत लेखी उत्तर हवं: गुडघा डॉक्टरांना दाखवलास का, आणि शनिवारी तिला बाकावर बसवणार का. बसवलंस तर निर्णय तुझा आहे असं सांग. कोचवरचा राग ती पुढच्या मोसमात खेळून काढेल, आईवरचा जन्मभर धरून बसेल.

फोन करू नकोस. तू रडशील, मी विरघळेन आणि पोरगी शनिवारी उडी मारेल.

तुझ्याशी एकदाच खोटं बोललेली,
ताई