खिडकीजवळच्या खुर्चीतला माणूस

४ फेब्रुवारी

परीक्षा द्यायचीच. लेक फोनवर म्हणाली, "आई, इंग्रजीची तोंडी परीक्षा पास झालीस तरच इकडे कायमचं राहता येईल. नापास झालीस तर आमच्या हातात काही नाही गं." मागून जावयांचा आवाज आला. काय बोलले कळलं नाही.

हे गेल्यापासून घर खायला उठतं. जाईन.

५ फेब्रुवारी

समोरच्या मास्तरीणबाई शिकवणार. फुकट! "चहा मात्र तुझा." निवृत्त झाल्यापासून ओरडायला कोणी नव्हतं, आता मी सापडले.

९ फेब्रुवारी

आज इन, ऑन, ऑफ, विथ. आपल्याकडे "टबात" म्हटलं की झालं. तिकडे इन आधी उभा राहतो, टब मागून येतो, आणि तो अख्खा तुकडा आधीच्या नामाला शेपटासारखा लागतो.

मी वाक्य केलं: आय वॉश्ड द कोट ऑफ द डॉक्टर इन द टब. आम्ही हॉस्पिटलच्या धुलाईघरात तेच तर करतो!

बाई म्हणाल्या, "अगं, डॉक्टरलाच टबात बसवलंस की! शेपूट शेजारच्याला लागतं."

खूप दिवसांनी मोठ्याने हसले. घरी आल्यावर हसल्याचं बरं वाटेना.

१२ फेब्रुवारी

द कप ऑन द किचन शेल्फ. किचन हेही नाम, शेल्फ हेही नाम. मग किचनचं इथे काय काम?

बाई : "सासरी नांदतंय ते. स्वतः नाम असून शेल्फचं विशेषण होऊन राहायचं."

मी म्हटलं, मग हे मला येतं.

१३ फेब्रुवारी

मराठीत म्हणायचं, खिडकीजवळच्या खुर्चीतला माणूस. आधी खिडकी, मग खुर्ची, माणूस सगळ्यात शेवटी. इंग्रजीत माणूस पहिला. द मॅन इन द चेअर बाय द विंडो. एकदम समोर येतो.

आज एवढंच.

२० फेब्रुवारी

बाईंची युक्ती – घरभर चिठ्ठ्या. प्रत्येक वस्तूवर तिचं पूर्ण इंग्रजी वर्णन. येता-जाता मोठ्याने वाचायचं. यांच्या आरामखुर्चीवर मी लिहिलं : द चेअर ऑफ माय हजबंड बाय द विंडो. बाईंनी एकही चूक काढली नाही. काढतील असं वाटलं होतं.

भंगारवाला जिन्यात भेटला. घर आवरायचंच आहे. त्याला म्हटलं, रविवारी ये, न्यायच्या सामानाला चिठ्ठी लावून ठेवते.

२२ फेब्रुवारी

तो आजच आला. शनिवारीच! मी कामावर. किल्ली बाईंकडे. त्यांनी दार उघडून दिलं आणि पेपर वाचत बसल्या. त्याला इंग्रजी कुठलं वाचता येतंय? चिठ्ठी दिसली की उचल. शेल्फ गेलं. आरसा गेला. खुर्ची गेली.

त्याच्या दुकानात धावत गेले. कापड फाडून लाकूड वेगळं केलेलं. तो बिचारा सारखा म्हणत होता, "मावशी, तुम्हीच म्हणाला होता ना, चिठ्ठी!"

मीच म्हणाले होते.

२३ फेब्रुवारी

खिडकीखाली फरशीवर चार गोल डाग आहेत. पुसले नाहीत. बाई दारात उभ्या राहून रडल्या. मी म्हटलं, बाई, चहा घ्या. नाहीतरी खुर्ची काय विमानात नेणार होते? असं म्हटलं खरं.

११ मार्च

परीक्षा झाली. समोर एक तरुण बाई, गोड आवाजाची. विचारलं, घरातली आवडती वस्तू सांगा.

तोंडातून आलं – देअर इज अ चेअर ऑफ माय हजबंड बाय द विंडो. इज! थांबताच येईना. द चेअर विथ द ब्राउन क्लॉथ. द मॅन इन द चेअर, विथ द न्यूजपेपर ऑन हिज फेस. झोपायचे तसेच.

ती हसली, काहीतरी लिहून घेतलं. मी तिला खोटं सांगितलं का? माहीत नाही. सांगताना तरी ते तिथेच होते.

१५ मार्च

धुलाईघरात नोकरी सोडत असल्याचं सांगून टाकलं. सगळ्याजणी म्हणाल्या, नशीब काढलंस. इस्त्रीवरची म्हणाली, "आम्हाला विसरून मॅडम होशील." गळ्यात पडून रडलीसुद्धा.

१९ मार्च

पास!

लेकीला लगेच फोन केला. ती म्हणाली, "आई, तू पास होशील असं धरलंच नव्हतं गं आम्ही. तुझ्यासाठी ठेवलेली खोली आम्ही भाड्याने दिलीय."