किरण जिवंत असल्याबाबत

पिंप्राळा, जळगाव
रविवार, सकाळ

तीर्थस्वरूप नाना यांच्या चरणी धाकट्या जगदीशचा साष्टांग नमस्कार. सौ. वहिनींनाही नमस्कार. तुमच्या गुडघ्याचे आणि वहिनींच्या रक्तदाबाचे कुशल विचारायचे होते. परंतु दोन्ही काल दुपारपासून ज्या कारणाने बिघडले ते मला ठाऊक असल्याने विचारीत नाही.

प्रथम वस्तुस्थिती मांडतो. ज्या क्रमाने मांडली आहे त्याच क्रमाने ती वहिनींना वाचून दाखवावी. एक, तुमचा किरण जिवंत आहे. दोन, तो कालही जिवंत होता. तीन, त्याच्या छायाचित्राभोवतीचा हार ही माझी कल्पना नव्हती. चार, अमळनेरहून रडायला आलेल्या बायका अजून गेलेल्या नाहीत. पाच, त्याला घरी न्यायला तुम्ही पाठवलेला नवल गाडीसह दारात उभा आहे, आणि मी किरणला त्याच्याबरोबर पाठवीत नाही. (हे सारे फोनवरच सांगणार होतो, पण काल माझ्या पहिल्या वाक्यानंतर तुम्ही जे शब्द वापरलेत त्यांना उत्तर देणे माझ्या संस्कारात बसेना, आणि मागे वहिनींचा हंबरडा चालू असल्याने क्रमही राहीना. म्हणून हे पत्र नवलच्याच हाती देत आहे.)

आता कारणमीमांसा. दिवाळीनंतर धुळ्याच्या मंडळींनी साखरपुडा मोडला, मुलीला पुण्याच्या कंपनीतला मुलगा मिळाला, आणि आपला किरण कृषी पदवीधर असूनही गोठ्यात जाऊन बसू लागला, बोलेनासा झाला. तेव्हा ‘जगदीश, तू शिकेल माणूस शे, ठेव त्याला तुझ्याकडे’ असे तुम्हीच म्हणालात. आखाजीच्या (म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या) आत पोरगा लग्नाला उभा राहिला पाहिजे, हेही तुमचेच म्हणणे. मुदत तुमची होती, नाना. पद्धत तेवढी माझी.

माझा प्रबंध उत्प्रेरकांवर आहे हे तुम्ही जाणताच (वाचला कोणीच नाही, तरी जाणतात सगळे). कोणतीही प्रक्रिया मुळात मंद नसते, तिला योग्य उत्प्रेरक मिळालेला नसतो. दुःख ही प्रक्रियाच आहे. मी किरणला समोर बसवून माझेच उदाहरण दिले. दोन वर्षांपूर्वी माझी रत्ना वारली तेव्हा मी भेटीस येणाऱ्यांसाठी दुपारी चार ते पाच ही वेळ ठरवून दारावर तसा कागद लावला होता, आणि तिसऱ्या दिवशी विद्यापीठाच्या उत्तरपत्रिका तपासायला बसलो होतो. एका पत्रिकेतही बेरीज चुकली नाही. किरणने हे सर्व ऐकून घेतले आणि ‘काका, तुमचा चहा निवला’ एवढेच म्हणाला. यावरून त्याची स्थिती किती गंभीर होती ते ध्यानात यावे.

पहिला उत्प्रेरक म्हणून मी शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर भरीत पार्टी योजली. चार माणसांत मिसळला, हाताला काम लागले, की मन वळते असा त्यामागचा विचार होता. वांगी उत्तम होती. पण कपाशीच्या काड्यांवर ती भाजायला लोक जो वेळ घेतात त्यात मला शिस्तीचा अभाव दिसतो, म्हणून मी जाळाला घरातला टेबलफॅन लावला. परिणाम असा की वांगी बाहेरून कोळसा झाली आणि आतून बाजारातून आणली तशीच राहिली, आणि धूर आमच्या गल्लीतल्या प्रत्येक घरात शिरला. सर्वांचे डोळे वाहू लागले, किरणचेही. त्यातले दुःखाचे पाणी किती आणि धुराचे किती हे वेगळे करण्याची सोय नसल्याने प्रयोग निष्कर्षाविना सोडावा लागला. पाहुण्यांनी नुसत्या पुऱ्या खाल्ल्या. शेजारचे बन्सीलाल म्हणाले, सर, भरीत थांबून करायचं असतं. ज्या मनुष्याच्या दुकानाच्या पाटीवर तीन चुका आहेत त्याने मला शिकवू नये, असे मी मनात म्हणालो (आणि बहुधा मोठ्यानेही, कारण नंतर ते आठवडाभर बोलले नाहीत).

यानंतर मी अधिक मूलभूत विचार केला. आपल्या खान्देशात माणूस गेला की पद्धत ठरलेली असते. लोक दारावर येतात, बाया रडतात, पुढे सुतक फेडणारी गंधमुक्ती होते, गोड जेवण होते, आणि त्या दिवसापासून घर पुन्हा कामाला लागते. म्हणजे मृत्यूच्या दुःखालासुद्धा शेवटची तारीख असते. मग साखरपुड्याच्या दुःखाला का नसावी? त्याची गंधमुक्ती कोणी केली नाही, म्हणूनच ते रेंगाळले. हा तर्क मी तीन बाजूंनी तपासला, त्यात मला दोष सापडला नाही, आणि आजही सापडत नाही.

मी मजकूर सिद्ध केला: ‘चि. किरण याचा साखरपुडा दिवाळीनंतर दुःखदरीत्या मोडला. तरी त्या साखरपुड्याची गंधमुक्ती शनिवारी दुपारी आमच्या राहत्या घरी ठेवली आहे. उपस्थित राहून दुःख संपवावे.’ सुटसुटीत, निःसंदिग्ध मराठी. तो मी बन्सीलाल यांच्याकडे नेला, कारण असे संदेश तयार करण्याचे दुकान जवळपास त्यांचेच आहे. त्यांनी तो आपल्या नेहमीच्या साच्यात बसवला. वर किरणचे छायाचित्र, भोवती झेंडूचा हार, दोन बाजूंना दोन समया. मी शुद्धलेखन दोनदा तपासले. हाराकडे पाहिले नाही, कारण हारात शुद्धलेखन नसते. शनिवारी सकाळी संदेश कॉलनीच्या आणि भाऊबंदांच्या दोन्ही ग्रुपांवर गेला, आणि या समाजाची खरी पातळी मला त्या दिवशी कळली. चित्र पाहून रडायला सर्व तयार. चित्राखालच्या तीन ओळी वाचायला एकही नाही.

दुपारी बिजलीआत्या चार बायांसह अमळनेरहून रेल्वेने उभ्याने आल्या. रडणे त्यांनी कोपऱ्यावरूनच सुरू केले होते, त्यामुळे दारी येईतो आमची गल्ली भरली. दार किरणने उघडले. आत्यांनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिले, गालाला हात लावला, आणि रडणे न थांबवता म्हणाल्या, “पोऱ्या, तू त जित्ता शे.”

“हो आजी,” किरण म्हणाला. “चहा टाकू?”

मी तत्काळ पुढे होऊन संदेश वाचून दाखवला, तर्क समजावला, आणि परतीच्या गाडीची वेळही सांगितली. आत्यांनी माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. उंबऱ्याच्या आत ऐसपैस बसल्या आणि म्हणाल्या, “इतली वाट उभ्या राहिसन उनूत. आते रडाबिगर कशा वापस जाऊत?” मी म्हटले, पण मेले कोणीच नाही. त्यावर त्या म्हणाल्या, “काहीतरी मरेल शे ना या पोरनं? मंग बस, रडू दे.”

नाना, ‘काहीतरी मेलेच आहे’ हा युक्तिवाद नव्हे. पण त्याचे खंडन करीपर्यंत बाया रडू लागल्या होत्या, आणि ते नुसते ओरडणे नव्हते. त्या मधूनच थांबत, किरणला विचारत, मुलगी कशी होती रे, काय बोलायची, आणि पुन्हा सावकाश सुरू करत. कोणालाही घाई नव्हती. मध्ये चहा झाला, एकीने सुपारी कातरली. मग किरण बोलला. गेल्या तीन महिन्यांत माझ्या एकाही प्रश्नाला जो पूर्ण वाक्यात उत्तर देत नव्हता, तो भिंतीला टेकून म्हणाला की ती रोज संध्याकाळी फोनवर विचारायची, आज विहिरीला पाणी किती आहे. तो पाहून यायचा आणि सांगायचा. आता तो पाहून तर येतो, पण सांगायचे कोणाला ते कळत नाही. एवढे बोलून तो आत्यांच्या पदरात तोंड घालून रडला. या खेपेस धूर नव्हता.

त्यात संध्याकाळ झाली. इथेच कार्यक्रम संपवून मी सर्वांचे आभार मानायला उभा राहिलो, तेव्हा आत्या मला म्हणाल्या, “जगू, बस. रत्नानं रडनं बी बाकी शे. तवय तू आम्हले घड्याय दखाडं व्हतं.” चार ते पाचच्या कागदाबद्दल त्या बोलत होत्या. मी म्हणालो, ते प्रकरण दोन वर्षांपूर्वीच पूर्ण झाले आहे. त्या म्हणाल्या, “तुनं व्हयनं व्हई. आमनं नही.” आणि त्यांनी रत्नासाठी सूर लावला. एकीने मला विचारले, काही सांग तिच्याबद्दल. मी नेमकेपणाने सांगितले की रत्ना चहाच्या डब्याचे झाकण कधीही घट्ट लावत नसे. तीस वर्षे मी ते पुन्हा घट्ट लावत आलो. हल्ली ते घट्टच असते. यात रडण्याजोगे काय होते ते मला कळले नाही, परंतु पाचही बाया रडल्या. त्यांना पाणी आणण्यासाठी मी स्वयंपाकघरात गेलो. तेथे मला थोडा उशीर झाला. शेवटी पाणी किरणने नेले, आणि परत येऊन तो माझ्याशेजारी ओट्याला टेकून उभा राहिला. हे त्याने योग्य केले.

तात्पर्य, किरणचे मन अजून ताळ्यावर आलेले नाही, प्रवास त्याला झेपणार नाही, आणि आखाजीची मुदत मी या पत्राद्वारे रद्द करीत आहे. बन्सीलाल यांनी दुसरा संदेश पाठवला आहे. त्यात किरणच्या चित्राभोवती आता फुगे आहेत, त्यामुळे लोक वाढदिवसाच्या शुभेच्छा देत आहेत. वहिनींना त्याही दाखवाव्यात. निदान जिवंत असल्याचा तो पुरावा आहे.

आपला आज्ञाधारक,
डॉ. जगदीश

ता. क. नवलला पोटभर जेवू घातले आहे. त्याच्या गाडीत आठ टॉवेल आणि पाच टोप्या ठेवल्या आहेत. हा दुखवटा लोकांनी काल आणला. तो परत न्यायचा नसतो असे सांगून कोणी परत नेला नाही. तुम्हाला उपयोगी पडतील. टॉवेल बरे आहेत.

ता. क. बिजलीआत्यांना मी आज सकाळी त्या कधी निघणार असे विचारले नाही. याची कृपया नोंद घ्यावी.

ता. क. वर लिहिलेल्यात एक दुरुस्ती करणे सत्यासाठी आवश्यक आहे. किरणला प्रवास झेपेल. आज पहाटे उठून त्याने आपणहून शेव-भाजी केली, नवलबरोबर हसला, आणि ‘काका, मला बरं वाटतंय, गावी जातो, कांद्याला पाणी द्यायचंय’ असे म्हणून पिशवी भरली. पिशवी मी माळ्यावर ठेवली आहे, आणि शिडी बन्सीलाल यांच्याकडे. (आम्ही आता बोलतो.) तो ती शोधत आहे. मी काही सांगितलेले नाही. नाना, कांद्याला पाणी देणारा माणूस तुम्हाला गावात मिळेल. किरणला काही दिवस माझ्याकडे राहू द्या. त्याच्या प्रकृतीसाठी म्हणून नव्हे. कधीपर्यंत, ते विचारू नका. मला ते सांगता येणार नाही. परवानगी फोनवर देऊ नये, कारण फोन तो उचलतो. उत्तर लेखी, तुमच्या सहीने, नवलच्याच हाती आजच पाठवावे.