नात्याचा रकाना

लॉकपोर्ट, लुइझियाना
१८ जानेवारी १९८२

चि. अर्लीन हिला यूलालीताईचे अ. आ. वि. वि.

घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज कायमचा गेला, हे शेजारच्या व्हिल्माने तुला फोनवर सांगितलंच आहे. ती मला म्हणते, तुझी बडबड बंद करायला अखेर सुरीच लागली. मी हसले, पण हसूही आता बिनआवाजाचं येतं. डॉक्टर चांगला माणूस आहे, खोटं बोलत नाही. ईस्टरपर्यंत पोचेन असं त्याला वाटत नाही.

मला ओव्हिदला एकदा बघायचंय. कोरियाहून यायचं विमानभाडं त्या पोराला कुठून परवडणार? पण पलटणीत तातडीच्या मदतीचा निधी आहे. घरी कोणी अत्यवस्थ असेल तर भाडंही देतात आणि रजाही. त्याने अर्ज केला. आजाऱ्याशी नातं काय, या रकान्यात त्याने लिहिलं, ‘नेनेन’. तिथल्या कारकुनाला वाटलं, हे बाईचं नावच. ओव्हिदने समजावलं की आमच्याकडे धर्ममातेला तसं म्हणतात. मग अर्ज परत आला. आई, बाप, बायको, मुलं, भावंडं चालतात. धर्ममाता चालत नाही, मावशीसुद्धा नाही.

चूक त्याची नाही. मीच त्याला कधी ‘आई’ म्हणू दिलं नाही. पाच वर्षांचा असताना तापात एकदा म्हणाला, तर मी त्याला उठवून बसवलं आणि सांगितलं की तुझी आई टेक्ससला आहे.

आता एकच वाट आहे. दोन वर्षांचा होता तेव्हापासून पलटणीत जाईपर्यंत मीच त्याला वाढवलं, तू नाही, असं तू नोटरीसमोर लिहून द्यायचं. मग मी आईच्या जागी धरली जाईन. काय मागतेय ते मला कळतं गं.

नीट जेवत जा. वाट बघतेय.
तुझी ताई


पोर्ट आर्थर, टेक्सस
२७ जानेवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र चार दिवस उशीखाली होतं. नोटरी म्हणजे आमच्या कँटीनच्या मालकाचा मेव्हणा. मी सही केली की दुपारच्या आत गल्ल्यावरच्या पोरीपासून भांडी घासणाऱ्यापर्यंत सगळ्यांना कळणार की अर्लीनने पोर टाकलं होतं. ते कळलं तरी चालेल. पण माझ्याच हाताने कसं लिहू?

सहा आठवड्यांसाठी म्हणून ठेवलं होतं त्याला तुझ्याकडे. त्याची सोळा वर्षं कशी झाली, देव जाणे. दर वाढदिवसाला शर्ट पाठवत होते, आणि दर वेळी तू कळवायचीस की लहान झाला.

मला दुसरं सुचतंय. मीच अत्यवस्थ आहे असं कळवते. मी तर कागदोपत्री खरी आई आहे ना? भाडं लगेच मिळेल, आणि तो उतरला की सरळ तुझ्याकडे येईल. पापाचं काय ते मी पाद्रीबाबांशी बघून घेईन.

रागावू नकोस. औषध घेत जा.
तुझी अर्लीन


लॉकपोर्ट
५ फेब्रुवारी

चि. अर्लीनला अ. आ.

असलं काही करू नकोस. रेडक्रॉसवाले अशा अर्जाची इस्पितळात विचारून खात्री करतात. लबाडी उघडी पडली तर पोराच्या बाहीवरची फीत जाईल. लहानपणी शाळेत सिस्टर मेरी ॲग्नेसची सही केलीस तेव्हाही पकडली गेली होतीस.

अक्षर वाकडं येतंय, तरी एक गोष्ट लिहायलाच हवी. ती ऐकल्यावर तू सही करणार नाहीस कदाचित. पण न सांगता तुझी सही घेतली, तर मी तोंड कुठे दाखवू?

तो सात वर्षांचा असताना तू त्याला न्यायला आली होतीस. निळा कोट, हातात त्याच्यासाठी नवे बूट. मी तुला दारातच सांगितलं की त्याला गोवर आलाय, लागण होईल, डॉक्टरांनी कोणाला आत सोडू नका म्हटलंय. तू बूट पायरीवर ठेवलेस आणि शेवटच्या बसने परत गेलीस.

गोवर नव्हता, अर्लीन. तो मागे धक्क्यावर खेकडे धरत होता. तू हाक मारली असतीस तर त्याला ऐकू गेली असती.

पुन्हा आलीस तर देऊन टाकीन असं मी मनाशी ठरवलं होतं. तू पुन्हा आली नाहीस आणि मी देवाचे आभार मानले. आता तुला काय करायचं ते कर.

माया ठेव असं कोणत्या तोंडाने लिहू?
यूलाली


पोर्ट आर्थर
१७ फेब्रुवारी

यूलाली,

दहा दिवस मी काहीच केलं नाही. खोटं कशाला बोलू, तू त्याला न बघताच जावंस असं मला वाटत होतं. कामावर ताटं वाढताना वाटत होतं, आंघोळ करताना वाटत होतं.

त्या दिवशी नवे बूट तुझ्या पायरीवर ठेवून निघाले. बसमध्ये मी ब्यूमाँटपर्यंत रडत होते आणि शेजारच्या बाईला सांगत होते की माझ्या मुलाला गोवर आलाय, बरा झाला की आणीन. मग महिना गेला. मग वाटलं, मला बघून तो ओळखणार नाही. तो दोष माझा, तुझ्यावर घालत नाही. पण पहिलं दार तू लावलंस.

काल नोटरीकडे गेले. सोळा वर्षांत मुलाला परत न्यायला कधी गेला होतात का, असं त्याने विचारलं. मी नाही म्हटलं. त्याने तसं लिहिलं आणि मी शपथेवर सही केली. इथल्या रेडक्रॉसच्या बाईंनी तो मजकूर लगेच तारेने कळवला. त्याचं भाडं मंजूर झालंय.

मी तुला माफ केलेलं नाही. तो येतोय.
अर्लीन


लॉकपोर्ट
२२ फेब्रुवारी

ती. आईस सा. न.

नेनेन काल पहाटे गेली. व्हिल्माने तुला फोन केलाच असेल. मला फोनवर बोलणं जमलं नसतं म्हणून लिहितोय.

मी शनिवारी दुपारी पोचलो. तिला दिसत कमी होतं, पण हात लावल्यावर ओळखलं. तुझं पत्र टेबलावर न उघडता तसंच पडलं होतं. वाचून दाखव, असं तिने खुणेने सांगितलं. आत काय आहे ते मला कुठे माहीत होतं? मी मोठ्याने वाचायला लागलो. गोवर आला तिथे थांबलो; मला गोवर कधी आलाच नव्हता. तिने माझं मनगट धरून ठेवलं आणि पुढे वाच अशी मान हलवली. मी शेवटपर्यंत वाचलं. तिने मनगट सोडलं नाही. ती ऐकू शकत होती, आणि तरी मी एक शब्द बोललो नाही. आता तेच डोक्यात फिरतंय.

ते बूट मी वापरले होते. सान्ता क्लॉजने आणले असं मला सांगितलं होतं.

कोणावर रागवायचं ते मला ठरवता येत नाही. राग आवरायला पाचपर्यंत मोजत बसतो आणि पुन्हा सुरुवात करतो. दहा दिवस तू गप्प बसलीस हेही मी वाचलंय. दहा दिवस आधी आलो असतो तर ती पाटीवर लिहून तरी बोलली असती.

उद्या मार्डी ग्राचा सण, परवा उपास सुरू होण्याचा राखेचा बुधवार, म्हणून पाद्रीबाबांनी शुक्रवार दिलाय. सकाळी दहाला चर्चमध्ये अंत्यविधीचा मास आहे. त्याच्या आधी ती घरीच असेल. तू ये. दार मी उघडीन.

ओव्हिद