नवरदेवाच्या गाडीची सीट

शनिवार, १४ मार्च

जिंकलो! पुतण्याच्या लग्नात नवरदेव माझ्याच गाडीत बसणार. महिनाभर थोरल्या दादाचं एकच टुमणं होतं, "तुझ्या नातवंडांनी सीटची वाट लावली असंल, आपण भाड्याची गाडी आणू."

आज पाटोद्याहून येताना दादा पुढे, माझी नातवंडं चिमी आणि बाळू मागे. बाळूने उसाच्या रसाचा भरलेला ग्लास सीटवर उपडा केला. दादा खूशच झाला. "बघ, म्हणलं न्हवतं मी?"

गाडी कडेला घेऊन मी सीटवरची गोधडी काढली. मीच शिवलेली, सीटच्या मापाने. आधी प्लॅस्टिक टाकलं होतं, ती माझी चूक. सांडलेलं ओघळून थेट शिवणीत जायचं. सुती कापड पिऊन घेतं. हे मला कुणी शिकवलं? कुणी नाही. कोपऱ्यात दीड बोट कमी पडली म्हणून अख्खी उसवून परत शिवली. बायको हसली होती, "सीटला लुगडं नेसवताय का?"

दादाने डोक्यावरची पांढरी टोपी काढून सीटवर घासली, शिवणीतसुद्धा. टोपी पांढरीच. रस नेमका त्याच कोपऱ्यात गेला होता. ते दीड बोट तसंच सोडलं असतं तर?

"नवरदेव हितंच बसंल," दादा म्हणाला, "पर लेकरं दुसऱ्या गाडीत."

"दादा, करवली कोण हाय?"

मागून चिमी ओरडली, "मी!"

नवरदेवाशेजारून करवलीला कोण उठवणार? दादाने टोपी झटकून परत डोक्यावर घातली. आणि चिमी बसली, की बाळू काय खाली राहतो होय?