ठिपके थांबेपर्यंत

३ मार्च, मंगळवार

डोबरमन कुत्री, सहा वर्षांची. गर्भाशयात पू झालाय, काढावंच लागणार. मालक चष्म्याच्या दुकानाचे म्हातारे. तिला 'बाईसाहेब' म्हणतात. घरात आम्ही दोघंच, म्हणाले — म्हणजे घड्याळ आहे, पण ते ऐकून घेत नाही.

या जातीत रक्त न थांबण्याचा आजार पिढीजात असतो. म्हणून शस्त्रक्रियेआधी ओठाची चाचणी करायची, हा आमच्या प्रयोगशाळेचा नियम. वरचा ओठ उलटा करायचा, स्प्रिंगच्या पात्याने बारीक छेद द्यायचा आणि जखमेला न दुखवता कडेने टिपकागद टेकवत राहायचं. कागदावर ठिपक्यांची रांग उमटते. ठिपके लहान लहान होत चार मिनिटांत संपायला हवेत.

बाईसाहेबांचे संपेनात. तिला धरून बसलेले कंपाउंडरमामा म्हणाले, "पोरी, कागद संपेल तुझा." रक्ताच्या बाकी चाचण्या नॉर्मल. पात्यांची पेटी मात्र नवी, आजच फोडलेली. शंका आली.

संध्याकाळी त्यातलं एक पातं खोलीवर आणलं. मुळात ते माणसांच्या हातासाठीच बनवलेलं असतं. स्वतःच्या हातावर चालवलं. माणसाला कुत्र्यापेक्षा जरा जास्त वेळ लागतो, पण इतका नाही. टेबलावर चहा निवून साय धरली तरी ठिपके तेवढेच मोठे.

म्हणजे पेटीच खराब. पाती खोल जाताहेत. चूक वस्तूची निघाली की बरं वाटतं.

४ मार्च, बुधवार

शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरबाईंना सांगितलं. कशावरून, म्हणाल्या. हात दाखवला. हसल्या — हिला अडवायला घरी कुणी ठेवा रे! घरी कुणी नाही हे त्यांना माहीत नसावं.

दुसरी पेटी यायला आठवडा लागेल, गर्भाशय तेवढं थांबणार नाही. त्यांनी माझ्या शब्दावर भरवसा ठेवला. रक्त थांबवायला लागतो तो गोठवलेला प्लाझ्मा वितळवून ठेवायची गरज नाही, हेही मीच सांगितलं.

आईचा फोन. धाकटीचं सिझेरियन सोमवारी. "तिने कळवायला सांगितलेलं नाही, मीच सांगतेय." बरं, म्हटलं.

दोन वर्षांपूर्वी धाकटी म्हणाली होती, ताई, तू बोलत नाहीस, रिपोर्ट वाचून दाखवतेस. त्यानंतर तिच्यापुरतं वाचणं बंद केलं.

५ मार्च, गुरुवार

गर्भाशय निघालं आणि रक्त थांबेना. टाक्यांतून, कडांतून, सुई टोचली होती तिथूनसुद्धा. डॉक्टरबाई ओरडल्या नाहीत. त्या शांतपणे म्हणाल्या, "एक शीर असती तर बांधली असती. सगळीकडूनच पाझरतंय, कुठे बांधू?"

प्लाझ्मा दगडासारखा गोठलेला. मी पिशवी कोमट पाण्यात धरून उभी. वितळायची तेवढ्याच वेगाने वितळत होती. तोवर मामांनी भोपळ्याला आणलं — हा दवाखान्यातच राहणारा, रक्त देणारा कुत्रा. मानेत सुई असताना तो शेपटी हलवत होता. कुणासाठी, काय माहीत.

बाहेर म्हातारे बाकावर बसले होते. मांडीवर पट्टा, नीट गुंडाळलेला.

जिवंत आहे. अजून.

६ मार्च, शुक्रवार

पेटी पुन्हा काढली. भोपळ्यावर करणार होते, तर मामा म्हणाले, त्याचं कालच घेतलंय, त्याला कशाला पिडतेस. त्यांनी बाही वर केली. छेद दिला. ठिपके लहान लहान होत गेले आणि संपले.

"झालं की," मामा म्हणाले. "पेटी खराब कुठेय?"

माझ्या हातावर बशीएवढा काळानिळा डाग. पेटी चांगली आहे. नॉर्मल म्हणून मी स्वतःला धरलं होतं, आणि मीच नॉर्मल नव्हते.

दाढ काढली तेव्हा दोन दिवस उशीचा अभ्रा बदलत होते. पाळीत कॉलेज बुडायचं. आई म्हणायची, आपल्याकडच्या बायकांना जातंच जास्त. ते मी गाऱ्हाणं म्हणून ऐकलं, लक्षण म्हणून कधीच नाही.

म्हाताऱ्यांना सगळं सांगितलं. बाईसाहेबांची चाचणी खरी होती, खोटी मी ठरवली, प्लाझ्मा तयार नव्हता तो माझ्यामुळे. रागावतील म्हणून थांबून राहिले. त्यांनी चष्मा पुसून डोळ्यांवर ठेवला.

"आणि तुमच्या हाताला काय झालंय?"

तीन दिवसांत कुणी विचारलं नव्हतं. मी बाही खाली ओढली.

७ मार्च, शनिवार

माणसांच्या दवाखान्यात तपासायला रक्त दिलं. तिथले डॉक्टर म्हणाले, तोच प्रकार दिसतोय, पक्का रिपोर्ट पुढच्या आठवड्यात. घरात कुणाची शस्त्रक्रिया आहे का? पाण्याचा ग्लास होता, तो प्यायले. मग हो म्हटलं. आजच कळवा, म्हणाले. आधी माहीत असेल तर औषध हाताशी ठेवता येतं.

आमच्याकडेही नियमच आहे. असं जनावर सापडलं की त्याच्यासोबत जन्मलेल्या पिल्लांच्या मालकांना कळवायचं. ते काम माझं. दुपारी बाईसाहेबांच्या चारही भावंडांच्या घरी फोन केले. आजार काय, धोका कधी, काय तयार ठेवायचं. एकदाही अडखळले नाही. एक बाई म्हणाल्या, किती नीट समजावलंत हो.

पाचवा फोन राहिला. खोलीवर येऊन भांडी घासली. भांडी होती दोन.

८ मार्च, रविवार

बाईसाहेब सकाळी जेवली. टाके कोरडे.

धाकटीला फोन लावला. म्हटलं, एक रिपोर्ट वाचून दाखवायचाय, माझा आहे, पण तुझाही असू शकतो. तिकडे टीव्हीचा आवाज बंद झाला. मग —

"वाच ना, ताई. मी ऐकतेय."