पाठीचा मधला पट्टा

ता. ३ मार्च

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

माझं मलम निकामी ठरवून तू तुमच्या औषध कारखान्यातली त्याची चाचणी थांबवलीस, म्हणून हे पत्र. एरवी मला लिहायची हौस नाही.

नायट्यावर चालणाऱ्या दादमारीचा पाला तेलात उतरवून मेणात घोटण्यात मी निवृत्तीनंतरची सगळी वर्षं घातली. औषध आधी आपल्या अंगावर, हा माझा नियम. त्यामुळे पाठीवर नायटा उठला तेव्हा, खरं सांगते, आनंदच झाला. महिनाभर मलम लावून तुला फोटो पाठवला. तू लिहिलंस, कडा सुकल्या, मधला पट्टा तसाच, मलमात दम नाही.

अरे, नायटा मधून सुकतो आणि कडेने पसरतो, हे तुला मीच शिकवलं. माझाच उलटा कसा, हा प्रश्न तुला पडू नये? मलम कमी पडलेलं नाही. वरून हात खांद्यापर्यंत जातो, खालून कमरेच्या जरा वर. मध्ये पोचत नाही. फूटपट्टीला मलम फासून पाहिलं, ते भिंतीला लागलं. भिंतीला नायटा नाही.

उत्तर दे. आशीर्वाद आहेतच, राग वेगळा.

तुझी ताई

ता. १० मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

चूक माझी. फोटोत पाठ पाहिली, घरात दुसरा हात नाही हे पाहिलं नाही. ही म्हणते, ताई औषध शोधतील, पण शेजारीण शोधणार नाहीत. खालच्या शिंपीणबाईंना विचार. महिनाभर नीट लाव, मग चाचणी पुन्हा सुरू करतो. पण एका पाठीवर औषध ठरत नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो.

रागाव, पण लिहीत राहा.

धाकटा

ता. १४ एप्रिल

चि. धाकट्यास आशीर्वाद.

जिन्यात वाक्य घोकून गेले होते. दारात नुसती मलमाची बरणीच पुढे केली. शिंपीणबाई म्हणाल्या, इतकी वर्षं डोक्यावर खुर्ची सरकते, आज खुर्चीवरचं माणूस दिसलं. संसर्ग नको म्हणून त्यांना रबरी मोजे घालायला लावले. मोज्यातूनही हाताची ऊब लागते, हे मला माहीत नव्हतं. बाईंचं तोंड अखंड चालू: कोण वाळलं, कोण सुटलं, कोणाची बाही दोनदा उसवली.

पट्टा गेला. सोबतचा फोटो त्यांनी काढलाय, म्हणून तिरका आहे. चाचणी सुरू कर.

एक गोष्ट परीक्षकाला शोभत नाही, तरी लिहिते. शेवटचे काही दिवस पट्टा दिसत नव्हता, तरी मी खाली जात राहिले. काल बाईच म्हणाल्या, पाठ कधीच बरी झालीय, आता नुसत्याच येत जा. त्या वर यायचंही म्हणत होत्या.

तुझ्या बायकोला माझा आशीर्वाद सांग. ती बरोबर म्हणाली होती, हे मात्र सांगू नकोस.

तुझी ताई

ता. क. आज दुपारी शिंपीणबाईंच्या हाती दिलं: मलमाची लहान बरणी एक, दादमारीचं रोप एक, माझ्या दाराची दुसरी किल्ली.