वार्निशखालच्या गाठी

प्रिय ताई,

एका वाक्याची खरी किंमत काय पडली, याचा हिशेब काल मांडला. वाक्य जेमतेम चार शब्दांचं: 'हे मी एकट्याने उभारलं.' बोलायला दोन सेकंद लागले, वर टाळ्या मिळाल्या, म्हणजे तेव्हा सौदा फायद्याचाच वाटला. आता खर्चाची बाजू बघ. एकोणीस वर्षं गेली. माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनला तू नव्हतीस. भावोजी गेले तेव्हा तुझ्या गल्लीच्या तोंडापर्यंत येऊन मी गाडी वळवली. आणि हल्ली तुझा आवाज नीट आठवत नाही. ही शेवटची बाब सगळ्यात जास्त झोंबली, कारण कान हेच माझं भांडवल.

मला 'कानसेन' तूच म्हणायचीस. चालत्या मोटरीला स्क्रू ड्रायव्हरचं टोक टेकवायचं, मूठ कानाला लावायची, आणि गिऱ्हाइकाने तोंड उघडायच्या आत सांगायचं, मागचं बेअरिंग गेलंय. गिऱ्हाईक थक्क. आणि तू मागच्या खोलीतून ओरडायचीस, 'कानसेन, बेअरिंग बरं ऐकू येतं, चहा झाला म्हणून तीनदा हाक मारली ती नाही आली?' दुकान बरं चाललंय. बावीस माणसं आहेत, तोंडावर 'साहेब' म्हणतात आणि पाठ वळली की 'म्हातारा'. तेही ऐकू येतं. तू हाताने करायचीस त्या तारेच्या कॉइली तुझ्या खोलीत आता मशीनवर होतात. तुझी ती उलटी कात्री मात्र अजून खिळ्यालाच आहे. नवा आलेला प्रत्येकजण एकदा तिने कागद कापून बघतो, कागद नुसता दुमडतो, आणि तो म्हणतो, 'साहेब, ही बिघडलीय.' ती बिघडलेली नाही हे मला माहीत असतं. मी ती परत खिळ्याला अडकवतो.

गेल्या महिन्यात तुझी भाची आठ दिवस राहून गेली. तिचे तुला फोन असतात हे मला ठाऊक आहे. दार लावून बोलते बिचारी, पण माझ्या घरात दाराला काय अर्थ! तारे बघून पोट भरतं का, असं मी तिला एकदा विचारलं होतं. भरतं, आणि माझ्यापेक्षा बरं. मृगातला तो तांबडा तारा, काक्षी, हा तिच्या गटाचा विषय. म्हातारा, फुगलेला, सूर्याच्या जागी ठेवला तर आपल्याला पृथ्वीसकट गिळून बसेल एवढा. तिने जेवणाच्या टेबलावर आलेख पसरला. त्याचा उजेड कमीजास्त होतो. एक फेरा साधारण चारशे दिवसांचा, तो त्याचा स्वतःचा श्वास. दुसरा एकवीसशे दिवसांचा, म्हणजे पावणेसहा वर्षांचा, आणि तो कशामुळे हे कित्येक वर्षं कुणालाच नीट सांगता येईना. मोठ्याची लहर असेल म्हणून सोडून दिलेलं. आता यांचं म्हणणं, लहर नाही, सोबती आहे. एक छोटा तारा त्याच्या अगदी अंगाला लागून फिरतोय, पण त्याच्या झगमगाटात दिसत नाही. मी म्हटलं, 'दिसत नाही तर आहे कशावरून?' म्हणाली, 'बाबा, तुम्ही मोटर न उघडता बेअरिंग ओळखता ना? तसंच.'

मग तिने सांगितलं, मोठ्याभोवती धूळ असते. छोटा फिरत फिरत पुढे आला की वाटेतली धूळ हटवतो आणि बघणाऱ्याला मोठा जास्त उजळ दिसतो. हा अंदाज आहे बरं का, म्हणाली. पुरावे जमताहेत, एक अंधुक ठिपकाही सापडलाय, पण खात्री म्हणायची नाही अजून. मी थट्टेने म्हटलं, 'आणि शाबासकी सगळी मोठ्यालाच!' ती हसली नाही. आलेख गुंडाळत म्हणाली, 'आत्याला सांगितलं तेव्हा तीही हेच म्हणाली.'

त्यानंतर मला जी आठवण टोचत राहिली, ती पाणीपुरवठ्याच्या मोटरीची. सव्वीस वर्षं झाली. मोटर जळली, अर्ध्या गावाचे नळ कोरडे, मोठ्या कारखान्यांनी पंधरा दिवस सांगितले आणि मी छाती काढून चार सांगितले. तिसऱ्या दिवशी दुपारी नवी तार घालून मोटर भरून झाली आणि मला ताप भरला. घरी जाऊन पडलो तो दुसऱ्या दिवशी उन्हं चढल्यावर उठलो. येऊन बघतो तर तू वार्निश करून तिला भट्टीत सुकवतेयस. मला न विचारता हात का लावलास म्हणून गिऱ्हाइकादेखत तुझ्यावर खेकसलो. 'वेळ नव्हता,' एवढंच म्हणालीस. तुझे डोळे लाल होते. वार्निशच्या वाफेने झाले असतील असं मी धरून चाललो. मोटर चालली, आणि त्या दिवसापासून मीही चाललो. सात वर्षांनी नवी शेड उभी राहिली, तिच्या उद्घाटनाला मी ते चार शब्द बोललो. तू तिसऱ्या रांगेत होतीस. टाळ्या वाजवल्यास. सोमवारी आली नाहीस. निरोप आला, 'एकट्याने उभारलंय, आता एकट्याने चालव.' मी बहिणीला सोडलं, पण तिचा टोमणा काही सोडला नाही. पुढच्या दोन वर्षांत भरलेल्या मोटरी परत यायला लागल्या. मी कामगारांना शिव्या घातल्या, तारेला घातल्या, विजेलासुद्धा घातल्या.

ती मोटर आता निवृत्त झाली. पाणीपुरवठ्याचे साहेब म्हणाले, आमच्या दारात चौथऱ्यावर ठेवू, आतलं काम दिसेल अशी बाजू कापू, तुमच्या नावाची पाटी लावू. मंगळवारी मोटर दुकानात आली. बाविसांना गोळा करून मी झाकण काढलं. म्हटलं, बघा, एकट्या माणसाचं काम कसं असतं! कॉइलींची टोकं दोऱ्याने आवळून आपण गाठी मारतो आणि प्रत्येकाची गाठ त्याच्या सहीसारखी असते, हे तुला काय सांगायचं. माझ्या गाठी होत्या ओळीने. मध्येच आठ कॉइली वेगळ्या. गाठ वेगळी, दोऱ्याची ओढ उलटी. वार्निश खरवडलं. कॉइल बसते त्या तिथल्या एका लोखंडी खाचेची धार कानशीने घासून बोथट केलेली, आणि तारेखालचा कागद दुहेरी. ती धार माझ्या नजरेतून निसटली होती. कागद फाडून तारेला लागली असती आणि मोटर पहिल्याच दिवशी जळली असती, माझ्या नावासकट. तू तपासलंस, आठ कॉइली उपसल्यास, पुन्हा भरल्यास, आणि मी उठायच्या आत वार्निशखाली झाकून टाकलंस. सव्वीस वर्षांत चकार शब्द नाही. टाळ्या वाजवतानाही नाही. पोरं म्हणाली, 'साहेब, काय हात आहे तुमचा!' मी झाकण ठेवून दिलं.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी चौथऱ्याचा कार्यक्रम आहे. मला बोलायला सांगितलंय. त्या चार शब्दांतला एक मला परत घ्यायचाय, पण तू समोर नसताना घेतला तर त्यातही माझाच मोठेपणा दिसेल. म्हणून हे पत्र. ताई, माझं चुकलं. एवढं लिहायला मला मागची सगळी पानं लागली. येशील का? नाही आलीस तरी पाटी दोन नावांची होईल, फक्त तू हो म्हटल्याशिवाय कोरणार नाही. तुझ्या भाचीच्या भाषेत, हा अजून पुरावाच आहे, खात्री तुझ्यापाशी. मला ओळखतेस म्हणून सांगतो, मंगळवारपासून मी स्वतःला समजावून बघितलं, तापाच्या भरात माझ्याच हातून गाठी तशा पडल्या असतील. पण आठही गाठी डाव्या हाताच्या आहेत. दुकानात तेव्हा आपण दोघंच होतो. आणि मी उजवा आहे.

तुझाच,
कानसेन